कार्डाला कुणी हातच लावत नाही

'मी सातवीला शिकवते. आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, सहा मुलांना घेऊन टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम चालवते: टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत मिळून गोष्ट रचायची. गोष्ट चालवणारी, म्हणजे गेम मास्टर, मीच. चारचौघांत तोंड न उघडणारी मुलं इथे खुलतील, म्हणून हा खटाटोप. गटातली एक मुलगी अडखळत बोलते, एकाला वाचायला फार वेळ लागतो, एक मुलगा व्हीलचेअर वापरतो. गेल्या महिन्यात एका मुलाच्या चोराने त्या अडखळणाऱ्या मुलीच्या जादूगारणीला झोपेत दोरीने बांधलं आणि तिची पोतडी पळवली. "माझं पात्रच तसं आहे," असं त्याचं म्हणणं. बाकीचे हसले, फासाही त्याच्याच बाजूने पडला. ती काही बोलली नाही, पण पुढच्या आठवड्यापासून आलेली नाही. मग मी एक्स-कार्ड, म्हणजे नको असलेला प्रसंग थांबवायचं कार्ड, आणलं, नियम समजावला. तेव्हापासून कार्डाला एकदाही कुणी हात लावलेला नाही. म्हणजे आता सगळं ठीक आहे असं समजू का? व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला मी उत्साहाने म्हटलं, "इथे तू धावूसुद्धा शकतोस", तर तो हिरमुसला. माझं काय चुकलं? शिवाय मुख्याध्यापकांचं म्हणणं आहे की खेळाला गुण द्या, म्हणजे उपक्रमाला वजन येईल. देऊ का? – एक शिक्षिका'

प्रिय शिक्षिका,

कार्डाला कुणी हात लावत नाही, याचा अर्थ सगळं ठीक आहे असाही निघू शकतो. मला मात्र तो पटत नाही. बारा वर्षांच्या मुलीने रंगात आलेली गोष्ट अडवून, पाच वर्गमित्रांच्या देखत, टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या कार्डावर बोट ठेवायचं, हे जरा तिच्या खुर्चीत बसून बघा. सगळ्यांच्या माना वळणार. "काय झालं?" असं कुणीतरी विचारणारच, कारण त्या वयात विचारल्याशिवाय राहवतच नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणीतरी दोन बोटांची फुली करून तिला चिडवणार. त्यापेक्षा गप्प बसणं आणि पुढच्या आठवड्यात न येणं स्वस्त पडतं. तिने तोच स्वस्त मार्ग घेतला. तेव्हा तर कार्ड नव्हतंच, पण असतं तरी तिने ते उचललं असतं असं मला वाटत नाही.

जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी मांडलेलं हे कार्ड अगदी साधं आहे: कागदाचा एक तुकडा, त्यावर फुली. नको असलेलं काही गोष्टीत आलं की कुणीही त्यावर बोट ठेवायचं. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही, तेवढा भाग काढून टाकून खेळ पुढे न्यायचा. पण ते विशेष कामाला येतं ते एकमेकांना न ओळखणाऱ्या मोठ्या माणसांच्या टेबलावर. तिथे खेळ संपला की जो तो आपल्या वाटेने जातो. तुमच्या टेबलावर परिस्थिती नेमकी उलटी आहे. मुलं एकमेकांना रोज भेटतात आणि गेम मास्टरच्या खुर्चीत बसलेली बाई उद्या त्यांच्याच वह्या तपासणार असते. म्हणून तुमच्याकडे कार्ड ठेवून भागणार नाही. 'थांब' म्हणणाऱ्याला त्याची काहीच झळ लागत नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसावं लागेल.

ते दिसण्यासाठी कार्ड पहिल्यांदा तुम्हीच वापरा, आणि तेही स्वतःच्याच वाक्यावर. "तुम्ही तळघरात पाऊल टाकता, तर भिंतीवर वळवळणारे..." एवढं म्हणून कार्डावर बोट ठेवा. "हे नको. तळघर रिकामं आहे, कोपऱ्यात एक पेटी आहे. पेटीचं काय करताय?" झालं. खुलासा नाही, उसासा नाही, 'बघा, असं वापरायचं असतं' हा उपदेशही नाही. पुढचे काही आठवडे प्रत्येक खेळात एकदा तरी असं करा. कार्ड उचललं की दहा सेकंदांत गोष्ट पुन्हा चालू लागते, हे मुलांनी पाहिलं की त्यातली नाट्यमयता निघून जाते. आणि ती निघून गेल्याशिवाय लाजरं मूल त्याला हात लावणार नाही.

शिवाय कार्ड मध्यभागी एकच ठेवू नका. प्रत्येकासमोर आपापलं असू द्या, किंवा त्याहून सोपं म्हणजे प्रत्येकाची सोंगटी: ती आडवी केली की तुम्ही दृश्य बदलायचं. हात लांब करावा लागत नाही, शेजाऱ्याच्या लक्षातही येत नाही. एवढं करूनही काही मुलं सोंगटी आडवी करणार नाहीतच, तिथे तुमचे डोळे कामाला लावा. एरवी बडबडणारं मूल अचानक 'चालेल, चालेल' म्हणायला लागलं, कुणी कॅरेक्टर शीटचा, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदाचा, कोपरा कुरतडायला लागलं, कुणी एकटंच हसत नाहीये, असं दिसलं की विचारत बसू नका. दृश्य फिरवा: दार वाजतं, पाऊस कोसळतो, पहारेकरी येतात. गेम मास्टरला ही मुभा असते. बारा वर्षांच्या मुलांच्या टेबलावर सुरक्षिततेची पहिली जबाबदारी मोठ्या माणसाची असते, ती कागदाच्या तुकड्यावर ढकलता येत नाही.

खेळ सुरू होण्याआधीचं काम याहूनही मोलाचं आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. खेळणारे त्याला सेशन झीरो म्हणतात. पहिल्या भेटीत फासे टाकायचे नाहीत. गोष्ट कशी हवी, काय चालेल आणि काय नको, एवढंच ठरवायचं. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ साली मांडलेली रेषा आणि पडदा ही जोडी इथे फार उपयोगी पडते. रेषेपलीकडचं गोष्टीत येतच नाही. पडद्याआडचं घडतं, पण दाखवलं जात नाही, 'लढाई संपली, सकाळ झाली' इतपतच. तुमच्या वयोगटासाठी काही रेषा तुम्हीच आखून टाका, त्यावर मतदान नको: प्राण्यांचा छळ नाही, बांधून घालणं किंवा कोंडणं नाही, कुणाच्या शरीराची, बोलण्याची, रंगाची चेष्टा नाही. मग मुलांकडून भर घ्या.

ही भर घेताना एक गफलत होते. शिक्षक चिठ्ठ्या लिहायला सांगतात आणि म्हणतात, नाव घालू नका. सहा जणांच्या गटात नाव न घालून काय होणार? अक्षर ओळखू येतं. शिवाय कोण लिहितंय आणि कोण पेन्सिल तोंडात धरून बसलंय, हेही सगळ्यांना दिसतं. त्यापेक्षा छापील यादी द्या: कोळी, अंधार, रक्त, आगी, हरवलेली मुलं, मेलेले आईवडील, भुतं, बुडणं. प्रत्येकापुढे तीन चौकटी: चालेल, पडद्याआड, नको. त्याच कागदावर 'तुला कोणता राक्षस आवडेल?' असे दोन-तीन गमतीचे प्रश्नही घाला, म्हणजे सगळ्यांच्याच पेन्सिली सारखा वेळ चालतील. कागद गोळा करून घरी न्या, आणि पुढच्या वेळी सगळ्यांच्या 'नको'ची एकच यादी वाचून दाखवा. त्यात तुमच्या स्वतःच्याही एक-दोन गोष्टी मिसळा. मग कुठलं कुणाचं हे कुणालाच कळत नाही.

इथे एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. अशा यादीतून किंवा खेळातल्या एखाद्या वाक्यातून, मुलाला प्रत्यक्षात कुणी इजा करत असल्याची शंका तुम्हाला आली, तर ती खेळात उकलायला जाऊ नका. त्याच्या पात्राला तशाच प्रसंगात घालून 'मन मोकळं करायला' लावणं तर मुळीच नको. शाळेची बालसुरक्षेची जी पद्धत असेल तिच्याप्रमाणे, ज्या व्यक्तीकडे जायचं तिच्याकडे त्याच दिवशी जा. रोल-प्लेइंगचा वापर उपचारात होतो हे खरं, पण तो ते शिक्षण घेतलेली माणसं करतात. मुलगा तुमच्याकडे गुहेतला ड्रॅगन मारायला आला आहे. त्याला ड्रॅगनच मिळू दे.

आता तो चोर. "माझं पात्रच तसं आहे" हे वाक्य या छंदाइतकंच जुनं असावं, आणि त्याला उत्तरही ठरलेलं आहे: पात्र तुझं, ते तू घडवलंस, ते काय करेल हेही तूच ठरवतोस. हे त्या मुलाला जरूर सांगा, पण एकट्याला, चिडून नव्हे. तो खलपुरुष नाही. नियमांनी त्याला चोरी करू दिली, फाशाने साथ दिली, तुम्ही थांबवलं नाही, मग त्याच्या मते ते बरोबरच होतं. दुरुस्ती माणसात नको, नियमात करा. एका खेळाडूचं पात्र दुसऱ्या खेळाडूच्या पात्रावर काही करणार असेल, तर समोरच्या खेळाडूने आधी 'हो' म्हणायचं. तो 'हो' म्हणेपर्यंत फासा हातातच. आणि 'हो' म्हटल्यावर काय झालं ते ज्याच्यावर कृती झाली त्याने सांगायचं. म्हणजे चोर म्हणेल, "मी तिच्या पोतडीत हात घालतो", आणि ती सांगेल, "घाल, आत माझा पाळलेला बेडूक झोपलाय." हशा तेव्हाही होतो, पण तो तिच्या हातात असतो.

बांधण्याचा तो प्रसंग मुळात झालाच नाही, असंही जाहीर करता येतं. बो शेल्डन यांच्या 'स्क्रिप्ट चेंज' या साधनात रिवाइंड, पॉज, फास्ट-फॉरवर्ड अशा सोयी आहेत. मागे जायचं, तेवढा तुकडा खोडायचा आणि तिथूनच वेगळ्या वाटेने पुढे जायचं. मुलांना व्हिडिओची सवय असल्यामुळे हे सहज समजतं. पण आधी त्या मुलीशी बोला, आणि 'परत ये ना' या विनवणीने सुरुवात करू नका. "त्या दिवशी मी थांबवायला हवं होतं. तुझ्या जादूगारणीला कुणी बांधलं नव्हतं, आपण तो भाग काढून टाकलाय. नवा नियम असा आहे..." एवढं सांगा आणि निर्णय तिच्यावर सोडा. ती नाही आली, तर तेही उत्तर आहे. येणं-जाणं मुलांच्या मर्जीवर असलं पाहिजे आणि मध्येच उठून जाणाऱ्याला कारण विचारलं जाऊ नये, हा नियम बाकीच्या पाच जणांनाही त्याच वेळी सांगून टाका.

ती आली तर तिच्या बोलण्याचं काय? तिची वाक्यं पुरी करू नका आणि दुसऱ्यालाही करू देऊ नका, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. टेबलावर आणखी दोन गोष्टी करता येतात. बोलण्याची पाळी आधीपासून ठरलेली ठेवा. या खेळांत लढाईच्या वेळी क्रम लावतातच, तोच एरवीही चालवा, म्हणजे 'आता तू बोल' असा अचानक घाला तिच्यावर पडत नाही. आणि पात्राच्या तोंडून बोलण्याची सक्ती नको. "माझी जादूगारीण त्याला टाळते" असं तिऱ्हाईतासारखं सांगणं, नकाशावर बोट ठेवणं, लिहून देणं, हे सगळं खेळणंच आहे. पात्राचा आवाज घेतला की अडखळणं कमी होतं असा अनुभव काही जणांना येतो, काहींना नाही. तो यावा म्हणून तुम्ही खेळ चालवू नका.

वाचायला वेळ लागणाऱ्या मुलासाठी कॅरेक्टर शीटला कात्री लावा. विकत मिळणाऱ्या बऱ्याच खेळांची शीट म्हणजे आयकराचा फॉर्म असतो. पाच आकडे, मोठं अक्षर, प्रत्येकाशेजारी छोटं चित्र, एवढं पुरे. माहिती नुसत्या रंगाने वेगळी करू नका, लाल-हिरवं न ओळखणारं मूल गटात असू शकतं. जे वाचायचं ते सगळ्यांसाठीच मोठ्याने वाचा, म्हणजे एकट्यालाच वाचून दाखवल्यासारखं होत नाही. फासे मोठे घ्या, अंधांसाठी ब्रेलचे फासेही मिळतात. खडखडाटाचा त्रास होणारं मूल असेल तर फासे कापड लावलेल्या तबकात टाकायचे. आणि 'तू काय करतोस?' हा या खेळाचा लाडका प्रश्न काही मुलांना दरीच्या कडेवर नेऊन उभं करतो. त्यांना म्हणा, "दार ठोठवायचं, खिडकीतून बघायचं, की आणखी काही?" तिसरा पर्याय मोकळा ठेवला की बंधनही वाटत नाही.

व्हीलचेअरच्या बाबतीत तुमचा हेतू चांगला होता, पण तुम्ही त्याला न विचारता ठरवून टाकलंत की त्याला धावायचं आहे. त्याच्या कानाला ते कदाचित असं ऐकू आलं असेल: गोष्टीतला नायक व्हायचं तर खुर्ची बाहेर ठेवून ये. काही जणांना काल्पनिक जगात उडायला आवडतं, काहींना तिथेही आपल्यासारखंच कुणीतरी हवं असतं. सारा थॉम्प्सन यांनी २०२० मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या प्रसिद्ध रोल-प्लेइंग गेमसाठी लढाऊ व्हीलचेअरचे नियम तयार करून मोफत दिले, ते या दुसऱ्या लोकांसाठीच. व्हीलचेअरवरचा योद्धा पायऱ्यांच्या किल्ल्यात कसा शिरणार, असा वाद तेव्हा इंटरनेटवर बराच रंगला. ड्रॅगन उडतो ते चालतं, उतार बांधलेला किल्ला मात्र लोकांना अशक्य वाटतो! तुम्ही त्याला "तुझं पात्र कसं आहे?" एवढंच विचारा, जसं बाकीच्यांना विचारलंत तसं, आणि जे उत्तर येईल त्याला सामावणारा किल्ला बांधा. पुढच्या महिन्यात त्याचं मत बदललं तर पात्रही बदलू दे.

अभ्यासासाठी हा खेळ वापरायचा, तर गणित त्यात आयतंच आहे. वीस बाजूंच्या फाशावर कुठलाही आकडा येण्याची शक्यता पाच टक्के असते. सहा बाजूंचे दोन फासे टाकले तर ३६ शक्यतांपैकी सहांमध्ये बेरीज सात येते आणि दोन येते एकाच शक्यतेत. 'मॅडम, सातच सारखं का येतं?' हा प्रश्न मुलांकडून येईपर्यंत वाट बघा, तो येतो. इतिहासाच्या बाबतीत मात्र जपून. भूमिका घेऊन इतिहास शिकवण्याचं काम गांभीर्याने झालेलं आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात मार्क कार्न्स यांनी १९९०च्या दशकात सुरू केलेल्या 'रिअ‍ॅक्टिंग टू द पास्ट'मध्ये विद्यार्थी त्या काळातल्या माणसांच्या भूमिका घेऊन वाद घालतात. डेन्मार्कमधल्या होब्रो गावात तर २००६ पासून एक निवासी शाळाच भूमिकाखेळांवर चालते. पण अमेरिकेतल्या काही वर्गांत मुलांना गुलाम आणि मालक करून लिलाव मांडले गेले, आणि त्यातून जे अपमान झाले ते कुठल्याही कार्डाने भरून येणारे नव्हते. जुलूम करणारा आणि सोसणारा अशी वाटणी मुलांत कधीच करू नका, मग धडा कितीही प्रभावी वाटो. बातमीदार, वैद्य, निरोप्या, न्यायाधीश, लपवायला मदत करणारा शेजारी या भूमिकांतून तोच काळ दिसतो, आणि ज्याच्या पूर्वजांनी ते सोसलं त्या मुलाला वर्गासमोर ते पुन्हा सोसावं लागत नाही. काल्पनिक जगातही एक अख्खी जमात जन्मतःच दुष्ट असू नये. खुद्द 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने २०२४ च्या नियमांत वंश हा शब्द काढून प्रजाती हा शब्द घेतला. शब्द बदलून सगळं होत नाही, पण ऑर्क या, एरवी दुष्टच दाखवल्या जाणाऱ्या काल्पनिक जमातीच्या वस्तीत एखादी आजी, एखादं रडणारं पोर दाखवायला तुम्हाला कोण अडवतंय?

राहिले गुण. देऊ नका. गुण आले की मूल तुम्हाला आवडेल असं पात्र खेळू लागतं आणि सोंगटी आडवी करणं म्हणजे गुण घालवणं असं त्याला वाटतं. मग वरचं सगळं मुसळ केरात. मुख्याध्यापकांना नाही म्हणताना दुसरं काहीतरी हातात द्या: खेळानंतर मुलांनी लिहिलेली पात्राची रोजनिशी, काढलेला नकाशा, शक्यतांचा तक्ता. हे तपासा, याला हवे तेवढे गुण द्या, आणि ज्याला लिहिणं जड जातं त्याला रोजनिशी बोलून रेकॉर्ड करू द्या. सोबत पालकांसाठी एक पानही जोडा: खेळात काय असतं, काय नसतं, दार उघडं असतं, बघायला कधीही या. १९८०च्या दशकात अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वर सैतानपूजेचे आरोप झाले होते. बंद दाराआड काय चाललंय ते ठाऊक नसलं की अशा अफवांना बळ येतं.

आणि तासाची शेवटची दहा मिनिटं गोष्टीसाठी वापरू नका. ड्रॅगन अर्धा मारलेला राहिला तरी चालेल. त्या दहा मिनिटांत प्रत्येकाने आज आवडलेली एक गोष्ट आणि पुढच्या वेळी हवी असलेली एक गोष्ट सांगायची, पात्र म्हणून नव्हे, स्वतः म्हणून. खेळातला राग-लोभ टेबलावरच उतरवून घरी जायला याचा उपयोग होतो. चोराने आणि जादूगारणीने आपापल्या खऱ्या नावाने एकमेकांशी दोन शब्द बोलायची संधीही तीच. बोलायचं नसेल तर 'पुढे' म्हणून पाळी सोडता येते. पहिली पाळी तुम्ही घ्या, आणि ती मुलगी आलेली असेल तर तिची पाळी मधे कुठेतरी ठेवा.